अल्ट्रासोनिक ड्रायरमध्ये फेल्ट वापरताना : निवड, बसवणी आणि देखभाल

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जाऊन ‘पाच एमएमचं फेल्ट द्या’ म्हटलं की पाच एमएमचं फेल्ट मिळतं. ते लोकरीचं की पॉलिस्टरचं, दाबून केलेलं की सुयांनी ठोकून केलेलं, घनता किती, हे ना आपण सांगतो ना कुणी विचारतं. टेबलाच्या पायाखाली ते चालून जातं. अल्ट्रासोनिक ड्रायरमध्ये मात्र तेच फेल्ट एका जागी उत्तम काम देतं आणि दुसऱ्या जागी पहिल्याच पाळीत वितळून काचेसारखं होतं. या यंत्रावर नव्यानं आलेले फिटर आणि ऑपरेटर, तसंच स्वतःच्या गाळ्यात असं यंत्र बसवायच्या विचारात असलेले, यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

आधी यंत्र ओळखा

पहिला गोंधळ नावातच होतो. ‘अल्ट्रासोनिक’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सुटे भाग धुण्याची टाकी येते, २८ किंवा ४० किलोहर्ट्झची. त्या टाकीला जोडून येणारा ड्रायर बहुतेक वेळा साधा गरम हवेचा असतो, ध्वनीचा त्यात काही संबंध नसतो. खरे अल्ट्रासोनिक ड्रायर दोन जातींचे.

पहिल्या जातीत ध्वनी हवेतून मालावर पडतो. दाबाच्या हवेवर चालणारी नोझल किंवा थरथरणारी धातूची तबकडी माल न टेकता काम करते. हवा आणि पाणी यांचा ध्वनीला होणारा विरोध इतका वेगळा आहे की हवेतून येणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग पाण्यात शिरतो. म्हणजे हा ध्वनी कापडातलं पाणी हलवून बाहेर काढत नाही. कापडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसलेला दमट हवेचा थर तो मोडतो आणि गरम कोरडी हवा आतपर्यंत पोहोचू देतो. वाळवण्याचं काम हवेचंच असतं, ध्वनी तिची वाट मोकळी करतो.

दुसऱ्या जातीत हॉर्न, म्हणजे थरथरणारा धातूचा ठोकळा, किंवा विजेवर थरथरणारी पिझो तबकडी ओल्या मालाला प्रत्यक्ष टेकते आणि पाणी धुक्यासारखं उडवून लावते. २० किलोहर्ट्झला थेंब साधारण ५५ मायक्रॉनचे, ४० किलोहर्ट्झला ३५ मायक्रॉनच्या आसपास. पाण्याची वाफ करायची तर लिटरमागे ०.६ युनिटपेक्षा जास्त वीज लागते. इथे बरंचसं पाणी द्रवरूपातच निघून जात असल्यानं तो खर्च वाचतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं कपडे वाळवण्यासाठी हीच कल्पना वापरून पाहिली होती.

ओळखायचं कसं? यंत्र बंद करून झाकण उघडा. थरथरणारा धातू मालाला टेकत असेल तर ते स्पर्शाचं यंत्र, मध्ये हवेचं अंतर असेल तर हवेचं. हे कळल्याशिवाय फेल्टचा तुकडाही विकत घेऊ नका.

फेल्टची चार कामं

या यंत्रांत फेल्ट चार ठिकाणी लागतं : माल वाहून नेणारा पट्टा, उडालेलं पाणी टिपून घेणारी पट्टी, हॉर्नच्या समोर कापडाला आधार देणारी दाबगादी, आणि आवाज अडवण्यासाठी तोंडाशी लावलेलं अस्तर. या चारही जागांना एकाच गुंडाळीतून कापून द्यायचा मोह टाळा. पट्ट्याला हवा आरपार जाऊ देणारं, ताणाला टिकणारं फेल्ट लागतं. टिपणारी पट्टी पाणी पटकन शोषून, पिळल्यावर पटकन सोडणारी हवी. अस्तर मऊ, जाड आणि कोरडं राहायला हवं.

सर्वांत जास्त नुकसान दाबगादीत होतं, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर. नॉनवोव्हन पिशव्यांच्या कडा सुईदोऱ्याशिवाय चिकटवणारी यंत्रं आता सगळीकडे दिसतात. त्यांतही हॉर्न बहुधा २० किलोहर्ट्झचाच असतो. तो पॉलिप्रॉपिलीनचे दोन थर एका क्षणात वितळवून जोडतो. तुमच्या ड्रायरच्या हॉर्नखाली पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं फेल्ट घातलंत तर तेही वितळून चिकटणारच. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं, पॉलिस्टर २५५ ते २६० अंशांना. ड्रायर तर ६० अंशांवर चालतो, मग वितळेल कसं, असं वाटतं. पण ही उष्णता हवेची नसते. फेल्टमधले तंतू एकमेकांवर घासून ती आतच तयार होते. वरून हात लावला तर गादी कोमट लागते आणि मधला थर मऊ पडत असतो. जोवर कापड ओलं आहे तोवर पाणी ही उष्णता खातं. कापड वाळलं आणि हॉर्न तरी चालूच राहिला की पुढच्या काही सेकंदांत गादी जाते.

म्हणून दाबगादीला दाबून केलेलं लोकरीचं फेल्ट घ्या, किंवा नोमेक्स या नावानं ओळखलं जाणारं मेटा-अरॅमिडचं. लोकर वितळत नाही, जळते; आणि जळण्याआधी केस होरपळल्याचा वास देऊन सावध करते. घनता ०.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या खाली नको. मऊ फेल्ट हॉर्नचा हेलकावा स्वतःच गिळतं, कापडापर्यंत काही पोहोचत नाही.

खरेदी करताना

धागा कोणता, जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) किती, जाडी किती आणि पद्धत कोणती, एवढं विचारा आणि सांगितलेलं तपासा. तपासायला एक लायटर, एक ग्लास पाणी, एक व्हर्नियर आणि ०.१ ग्रॅमचा काटा पुरतो.

आधी जाळून पाहा. कडेचे दोनचार तंतू ओढून चिमट्यात धरा आणि ज्योतीजवळ न्या. लोकर आक्रसते, केसाचा वास येतो आणि मागे उरलेला काळा मणी बोटांनी चुरडला जातो. पॉलिस्टर वितळून ठिबकतं आणि त्याचा मणी कडक होतो, चुरडत नाही. पॉलिप्रॉपिलीन जळताना मेणबत्तीसारखा वास येतो. या दोघांत शंका उरली तर पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असल्यानं तरंगतं, पॉलिस्टर बुडतं. फक्त पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि तुकडा पाण्याखालीच बोटांनी दाबून त्यातले सगळे बुडबुडे काढा. आत अडकलेल्या हवेमुळे पॉलिस्टरही तरंगतं आणि फसगत होते.

मग वजन. बरोबर १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा. त्याच्या ग्रॅममधल्या वजनाला १०० नं गुणलं की जीएसएम मिळतो. ५ ग्रॅम भरलं तर ५०० जीएसएम. त्याला मिलिमीटरमधल्या जाडीनं आणि १००० नं भागा की घनता. २ एमएम जाडीच्या ५०० जीएसएम फेल्टची घनता ०.२५ येते. पॉलिस्टरची स्वतःची घनता १.३८. म्हणजे या फेल्टमध्ये धागा फक्त १८ टक्के आणि उरलेली ८२ टक्के पोकळी. एक चौरस मीटर फेल्ट पूर्ण भिजलं तर त्यात सुमारे १.६ लिटर पाणी बसतं. हा आकडा यंत्रावर खडूनं लिहून ठेवण्यासारखा आहे, कारण टिपणारी पट्टी कधी भरणार ते त्यावरून कळतं. व्हर्नियर लावताना जबडे फेल्टला जेमतेम टेकू द्या. जोरात दाबलं तर जाडी अर्धीही दिसेल.

तापमानाचा विचार ओल्या स्थितीत करा. पॉलिस्टर कोरड्या हवेत १३० अंशांच्या पुढेही सहज चालतं, पण गरम दमट हवेत, त्यातही साबणाचा अल्कली शिल्लक असेल तर, त्याचा धागा आतून तुटत जातो. वरून फेल्ट धडधाकट दिसतं आणि ओढलं की हातात भुगा येतो. ओल्या कामात ते ९० अंशांच्या आतच ठेवा. लोकरीलाही हीच मर्यादा धरा, आणि अल्कली तिला तर मुळीच चालत नाही.

मोठी ऑर्डर द्यायची असेल तर तुकडा प्रयोगशाळेत दाखवून घेणं परवडतं. ठाण्याला वूल रिसर्च असोसिएशन आहे, घाटकोपरला बीटीआरए, वरळीला सस्मिरा. धाग्याची ओळख, जीएसएम आणि हवा आरपार जाण्याचं माप, एवढंच मागा.

बसवण्याआधीची तयारी

नवं फेल्ट गुंडाळीतून काढून थेट यंत्रावर चढवू नका. सुतावर कारखान्यात लावलेलं तेल त्यात असतं आणि पहिल्या गरम हवेबरोबर ते मालावर उतरतं. साधारण ४० अंशांच्या कोमट पाण्यात सौम्य, अल्कली नसलेला साबण घालून अर्धा तास भिजवा, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा, दाबून पाणी काढा आणि सपाट पसरून वाळवा. लोकरीचं फेल्ट चोळू नका, पिळू नका. गरम पाण्यात चोळलं की लोकरीचे तंतू एकमेकांत आणखी अडकतात आणि फेल्ट आटतं. नमदा, म्हणजे लोकरीचं जाड जाजम, बनतो तो याच गुणामुळे.

वाळलेलं फेल्ट यंत्र ज्या तापमानाला चालणार त्या तापमानाला एकदा तासभर ठेवा आणि पुन्हा मोजा. आटायचं ते इथेच आटू द्या, कापणी त्यानंतर. धारदार गोल कटर आणि लोखंडी पट्टी वापरा. पॉलिस्टरच्या कडा गरम सुरीनं कापल्या तर कडेला कडक मणी बनतात आणि ते मालावर ओरखडे पाडतात.

याच वेळी उरलेल्या फेल्टमधून १० बाय १० चे तीन चौकोन कापून, कोरड्या वजनासकट नाव टाकून बाजूला ठेवा. पुढे प्रत्येक शंकेच्या वेळी तुलनेला तेच लागतात.

अंतर आणि पट्टा

२० किलोहर्ट्झच्या ध्वनीची हवेतली तरंगलांबी फक्त १७ मिलिमीटर. एकाच वारंवारितेवर चालणाऱ्या तबकडीच्या यंत्रात तबकडी आणि माल यांच्यामध्ये स्थिर लहरी तयार होतात. जोर कमाल असलेल्या जागेपासून किमान असलेली जागा जेमतेम सव्वाचार मिलिमीटरवर असते. जुनं ३ एमएमचं फेल्ट काढून ५ एमएमचं टाकलं तर माल २ एमएम वर आला, म्हणजे त्या अंतराचा जवळपास अर्धा भाग सरकला. फेल्ट बदलल्यावर ‘मशीन ढिली पडली’ अशी जी तक्रार येते ती बऱ्याच वेळा एवढ्याचीच असते. म्हणून नियम करा : फेल्ट बदललं की अंतर पुन्हा लावायचं, फेल्ट आणि माल दोन्ही जागेवर ठेवून, आणि यंत्र गरम झाल्यावर. ६० अंशांच्या हवेत ध्वनी जलद धावतो आणि तरंगलांबी १८ एमएमच्या पुढे जाते, त्यामुळे थंडीत लावलेलं अंतर गरम झाल्यावर चुकतं. दाबाच्या हवेच्या नोझलचा ध्वनी अनेक वारंवारितांचा मिळून असतो. तिथे हा त्रास कमी, तरी उत्पादकानं दिलेलं अंतर फेल्टच्या वरून मोजायचं, पत्र्यावरून नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रत्येक पट्टा फेल्टचा असायलाच हवा असं नाही. माल विरळ विणीचा असेल तर ध्वनी कापडातून आरपार जाऊन फेल्टमध्ये मुरतो आणि वाया जातो. अशा मालाला टेफ्लॉन लावलेली काचधाग्याची जाळी बरी. फेल्टचा पट्टा घट्ट विणीच्या, नाजूक किंवा डाग पडू नयेत अशा मालासाठी ठेवा, आणि खाली सक्शन बॉक्स, म्हणजे हवा आणि पाणी खाली ओढणारी पेटी, असेल तरच. सक्शन नसेल तर फेल्ट भरतं आणि माल ओल्या गादीवर झोपल्यासारखा होतो.

पट्ट्याचा जोड तिरका घ्या, म्हणजे तो रोलरवरून एकदम उडी न मारता हळूहळू जातो. जोडाची जाडी फेल्टपेक्षा जास्त नको. स्पर्शाच्या यंत्रात तर जोड नसलेला अखंड पट्टाच मागवा. हॉर्नखालून जोड गेला की तिथे धक्का बसतो. सुरुवातीचा ताण रुंदीच्या प्रत्येक सेंटिमीटरला १ किलो धरा, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या पट्ट्याला ६० किलो. पहिल्या पाळीनंतर पुन्हा ताणा, कारण भिजलेलं फेल्ट सैल पडतं.

पट्टा सरळ चालतो का हे पाहायची एक जुनी, कागदगिरण्यांतली रीत आहे. पट्ट्याच्या पूर्ण रुंदीवर, कडेला काटकोनात, पक्क्या मार्करनं एक सरळ रेघ ओढा. पट्टा पाच मिनिटं चालवून थांबवा आणि रेघ पाहा. एक टोक पुढे गेलं असेल तर रोलर समांतर नाहीत. रेघ धनुष्यासारखी वाकली असेल तर मध्ये आणि कडेला ताण सारखा नाही, बहुधा रोलरवर चिकट थर जमलेला आहे. रेघ सरळ येईपर्यंत माल चढवू नका.

आवाज अडवणारं अस्तर

हवेच्या यंत्राजवळ ध्वनी फार तीव्र असतो आणि कानाला ऐकू येत नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण ती मोजणारी साधी मीटर ८ किंवा १० किलोहर्ट्झपर्यंतच भरवशाची असतात, आणि ‘ए’ मापनात, म्हणजे कानाला जसं ऐकू येतं तसं मोजण्याच्या पद्धतीत, २० किलोहर्ट्झचा आवाज मुळातच सुमारे ९ डेसिबलनं कमी धरला जातो. मीटर ८२ दाखवतं म्हणून कानातले बूच काढून ठेवू नका.

इतक्या लहान तरंगलांबीला फेल्ट फार छान शोषतं. माल आत शिरतो आणि बाहेर पडतो त्या फटींना १० एमएम मऊ लोकरीच्या फेल्टच्या दोन झालरी, मध्ये थोडं अंतर सोडून, लावल्या की बाहेर येणारा ध्वनी स्पष्ट कमी होतो. आतल्या, मालासमोरच्या भिंतींना मात्र अस्तर लावू नका. तिथला उघडा पत्रा ध्वनी परत मालाकडे फेकतो, आणि तो आपल्याला हवाच आहे.

हे अस्तर भिजलं की छिद्रं बुजतात आणि शोषण थांबतं. मग काही जण ते कोरडं राहावं म्हणून पॉलिथिनमध्ये गुंडाळतात, आणि सगळ्या कष्टांवर पाणी फिरतं. कारण २० किलोहर्ट्झला २५ मायक्रॉनची पातळ फिल्मसुद्धा भिंतीसारखी वागते. ध्वनी फेल्टपर्यंत फारसा पोहोचतच नाही. उपाय म्हणजे एक्झॉस्टची दिशा बदलून धुकं अस्तराकडे येऊ न देणं आणि झालरीचे तुकडे वेलक्रोवर लावून पाळीपाळीनं बदलणं.

सुरू आणि बंद करताना

क्रम कधीही मोडू नका. आधी एक्झॉस्ट, मग हीटर, मग पट्टा, माल शिरला की सर्वांत शेवटी अल्ट्रासोनिक. बंद करताना अल्ट्रासोनिक सर्वांत आधी, मग हीटर. पट्टा आणि एक्झॉस्ट फेल्ट थंड होईपर्यंत चालू. पट्टा थांबला की अल्ट्रासोनिकला वीज पुरवणारा जनरेटर आपोआप बंद होईल असा इंटरलॉक नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून तो आधी करून घ्या. पट्टा अडकलेला आणि हॉर्न चालू, या एका प्रसंगात जितकी फेल्टं जातात तितकी बाकी कशानं जात नाहीत. एक्झॉस्ट पहिला अशासाठी की उडवलेलं धुकं ओढून घेतलं नाही तर ते पुढच्या मालावरच परत बसतं.

सॉल्व्हंटनं ओला माल या यंत्रात घालू नका. पॉलिस्टरचं फेल्ट रोलरवर घासून स्थिर वीज साठवतं आणि बारीक थेंबांचं धुकं ठिणगीला तयार असतं. पाण्याच्या कामातही रोलरना अर्थिंग हवंच.

बिघाड वाचायला शिका

फेल्टवर चकचकीत, कडक ठिपका दिसला तर तो तंतू वितळल्याचा. त्यावर हात फिरवला की बोट घसरतं. तिथून हवा जात नाही आणि पाणीही नाही, घासून तो भाग परत येत नाही, तुकडा बदलावाच लागतो. दाब जास्त होता, कोरडं कापड हॉर्नखाली राहिलं, की पट्टा थांबला, हे शोधल्याशिवाय नवा तुकडा लावू नका.

माल बरोबर वाळतोय पण त्यावर बारीक पांढरे कण दिसतात, तर आधी फेल्ट झटकून पाहा. सुटलेले तंतू असतील तर कडा खराब कापल्या आहेत. खडूसारखी पूड असेल तर ते पाण्यातले क्षार. मुंबईत पालिकेचं तलावाचं पाणी मऊ आहे, पण टँकर किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्या गाळ्यांत टिपणारी पट्टी लवकर कडक होते. एक टक्का ॲसिटिक ॲसिडच्या पाण्यात, म्हणजे साध्या व्हिनेगरच्या एका भागाला तीन भाग पाणी घालून, वीस मिनिटं भिजवा आणि भरपूर पाण्यातून काढा. लोकर आणि पॉलिस्टर दोघांना हे सोसतं. सोडा वापरू नका.

वाळायला लागणारा वेळ हळूहळू वाढत असेल तर जनरेटर उघडण्याआधी फेल्टचं वजन करा. धुऊन, वाळवून केलेलं वजन सुरुवातीपेक्षा दहा टक्क्यांनी वाढलं असेल तर छिद्रं बुजली आहेत. हा दहाचा आकडा आमच्या वापरातला आहे, तुमच्या मालाप्रमाणे तो थोडा पुढेमागे होईल.

पावसाळा

जून ते सप्टेंबर वजनाचे सगळे आकडे लोकरीच्या बाबतीत हलतात. लोकर हवेतली ओल ओढते. ६५ टक्के आर्द्रतेला ती कोरड्या वजनाच्या साधारण १५ टक्के पाणी धरून असते आणि मुंबईच्या जुलैतल्या हवेत २० टक्क्यांच्या पुढे जाते, हाताला कोरडी लागत असूनही. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. त्यामुळे लोकरीच्या फेल्टचं पावसातलं वजन एप्रिलमधल्या नोंदीशी ताडून पाहू नका. बाजूला ठेवलेला कसोटीचा चौकोन त्याच गाळ्यात टांगून ठेवा आणि त्या दिवशीच्या त्याच्या वजनाशी तुलना करा.

शनिवारी संध्याकाळी ओलं फेल्ट झाकण बंद करून ठेवलं तर सोमवारी कुबट वास येतो आणि काळे ठिपके दिसतात. बुरशीचे डाग धुऊन फारसे जात नाहीत, आणि ते पुढे मालावर उतरतात. सुट्टीआधी अल्ट्रासोनिक बंद ठेवून गरम हवेवर पट्टा अर्धा तास रिकामा फिरवा आणि झाकण किलकिलं ठेवून जा.

जादा फेल्ट साठवताना लोकरीच्या गुंडाळ्यांना कसर लागते हे लक्षात ठेवा. डांबराच्या गोळ्या मात्र त्यात घालू नका. त्यांचा वास आणि अंश फेल्टमध्ये मुरतो आणि गरम हवेत मालावर जातो. पूर्ण वाळवलेली गुंडाळी जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, वर धागा, जीएसएम, जाडी आणि खरेदीची तारीख लिहा, आणि भिंतीपासून सुटी, फळीवर आडवी ठेवा. उभी ठेवलेली गुंडाळी खालच्या कडेला दबते आणि तो भाग पट्ट्यात लहरी होऊन निघतो.